तीन शिंगाड्यांचं घराणं : मित्सुबिशी आणि तिचे जोडधंदे

मचवा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा विषय आज लिहायला घेतलाय. लांबण लागेल, पण घाईत उरकण्यासारखा विषय नाही.

जहाजावर लागल्यावर पहिली काही वर्षं माझा बराच वेळ प्युरिफायर रूममध्ये गेला. मोठ्या जहाजाचं इंजिन ज्या तेलावर चालतं ते थंड असताना डांबरासारखं घट्ट असतं. ते ९८ अंशांच्या आसपास तापवून प्युरिफायरच्या बाउलमध्ये सोडायचं. बाउल मिनिटाला हजारो फेरे घेतो, पाणी आणि गाळ कडेला जातो, चोख तेल मधून पुढच्या टाकीत जातं. ठरल्या वेळाने बाउल आपणहून क्षणभर उघडतो, गाळ बाहेर टाकतो आणि मिटतो. त्या वेळी 'धप्' असा आवाज होतो. वॉचवर असताना तो आवाज चुकला की न बघता कळायचं, काहीतरी अडकलंय.

त्या यंत्राचं नाव सेल्फजेक्टर, आणि त्याच्या पट्टीवर तीन हिऱ्यांचं चिन्ह. तेच चिन्ह मुख्य इंजिनावर, टर्बोचार्जरवर, पंपांच्या मोटरींवर. एकदा बाउलच्या ओ-रिंगा मागवायच्या होत्या. मी इंडेंटवर (मागणीपत्रावर) नुसतं 'मित्सुबिशी' लिहिलं. सेकंड साहेबांनी (सेकंड इंजिनिअर) कागद परत माझ्या हातात दिला आणि विचारलं, "कुठली मित्सुबिशी?"

तेव्हा कळलं की प्युरिफायर करणारी मित्सुबिशी काकोकी, इंजिन करणारी मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीज आणि मोटर करणारी मित्सुबिशी इलेक्ट्रिक या तीन वेगळ्या कंपन्या आहेत. मालक वेगळे, संचालक वेगळे, हिशेब वेगळे. चिन्ह मात्र एक. एकाच इंजिनरूममध्ये तिघी कशा आल्या, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात बसला. मिळेल ते वाचत गेलो. माझ्यापुरतं उत्तर सापडलंय, ते इथे मांडतो.

आधी नाव. 'मित्सु' म्हणजे तीन. 'हिशी' म्हणजे शिंगाडा, आपण उपासाला खातो तोच. जोडशब्दात 'हि'चा 'बि' होतो. शिंगाड्याच्या आकारावरून जपानीत चौकटच्या आकृतीलाही हिशी म्हणतात, म्हणून जग त्याला तीन हिरे म्हणतं. इवासाकी घराण्याच्या मुद्रेत एकावर एक रचलेले तीन शिंगाडे होते आणि तोसा संस्थानच्या यामाउची घराण्याच्या मुद्रेत ओकची तीन पानं. दोन्हींच्या मेळातून आजचं चिन्ह आलं.

संस्थापक इवासाकी यातारो. जन्म १८३५, तोसामधल्या आकीजवळच्या खेड्यात (आजचा कोची प्रांत, शिकोकू बेट). घराणं सामुराई, पण पणजोबांनी तो दर्जा विकून टाकलेला. वडिलांचं गावच्या मुखियाशी भांडण झालं, त्यांना मारहाण झाली. एदोला (आजचं तोक्यो) शिकायला गेलेला यातारो धावत परत आला आणि त्याने अधिकाऱ्यावरच लाचखोरीचा आरोप केला. त्याबद्दल त्याला तुरुंग मिळाला. तिथे कोठडीतल्या एका सोबत्याकडून तो हिशेब शिकला असं सांगतात.

पुढे तो संस्थानच्या व्यापारी कचेरीत लागला, नागासाकीला गेला, तिथे परदेशी व्यापाऱ्यांशी व्यवहार करायला शिकला. १८७० मध्ये संस्थानच्या जहाजांवर त्सुकुमो शोकाई नावाचा जहाजधंदा सुरू झाला. १८७३ मध्ये त्याचं नाव मित्सुबिशी झालं. हाताखाली सगळे कालपरवापर्यंत तलवार लावून फिरणारे. त्यांना गिऱ्हाइकापुढे वाकणं जड जाई. एका सहकाऱ्याला यातारोने सोन्याच्या नाण्याचं चित्र असलेला पंखा दिला, म्हणाला, माणसापुढे वाकतोयस असं समजू नकोस, या नाण्यापुढे वाकतोयस असं समज. खरं-खोटं कोण जाणे, पण ही गोष्ट जपानमध्ये अजून सांगतात.

१८७४ मध्ये सरकारला तैवानवरच्या मोहिमेसाठी जहाजं हवी होती. परदेशी कंपन्यांनी नकार दिला, यातारोने काम पत्करलं. पुढच्याच वर्षी सरकारने ३० जहाजं फुकट दिली आणि वर्षाला अडीच लाख येनचं अनुदान लावून दिलं. त्याच १८७५ मध्ये योकोहामा-शांघाय मार्ग सुरू झाला. अमेरिकेची पॅसिफिक मेल कंपनी वर्षाच्या आत तिथून उठली. १८७६ मध्ये इंग्रजांची पी अँड ओ उतरली, तीही काही महिन्यांत माघारी फिरली. १८७७ च्या सात्सुमा बंडात सैन्य वाहून नेण्याचं काम मिळालं आणि पैशांचा पूर आला.

आता माझा मुद्दा. जहाज चालवायला काय काय लागतं ते इंजिनरूममधल्या माणसाला विचारा. कोळसा लागतो: १८८१ मध्ये ताकाशिमाची खाण घेतली. दुरुस्ती लागते: १८७५ मध्येच योकोहामात दुरुस्तीचा कारखाना काढला आणि १८८४ मध्ये सरकारकडून नागासाकीची गोदी भाड्याने घेतली. विमा लागतो: १८७९ च्या तोक्यो मरीन विमा कंपनीत मोठा हिस्सा घेतला. व्यापाऱ्याला मालावर उचल लागते: पी अँड ओशी झुंजताना गिऱ्हाईक टिकवायला मालावर कर्ज द्यायला सुरुवात केली आणि १८८० मध्ये हुंडीचं वेगळं दुकान काढलं. मालाला वखार लागते, तीही झाली. आणि खलाशी लागतात: १८७५ मध्येच यातारोने नौकानयनाची शाळा काढली. तोक्योच्या आजच्या सागरी विद्यापीठाचं मूळ त्या शाळेत आहे. जहाज विकत घेण्याआधी ते चालवणारी माणसं घडवायला हवीत, हे त्याला तेव्हा समजलं होतं. मला त्याच्या सगळ्या कामांत हे काम मोठं वाटतं.

हे सगळे जोडधंदे. मुख्य धंदा जहाजांचा.

मग वारं फिरलं. यातारोचे सरकारातले पाठीराखे गेले: ओकुबो १८७८ मध्ये मारले गेले, ओकुमांना १८८१ मध्ये बाहेर काढलं. नव्या मंडळींना मित्सुबिशीची मक्तेदारी मोडायची होती. मित्सुई वगैरेंना हाताशी धरून क्योदो उन्यु नावाची दुसरी जहाज कंपनी उभी राहिली. दोघींची भाडेयुद्धात इतकी जुंपली की दोन्हींची जहाजं तोट्यात धावू लागली. त्या धुमश्चक्रीतच, फेब्रुवारी १८८५ मध्ये, पोटाच्या कर्करोगाने यातारो गेला. वय ५०.

त्याच वर्षी सरकारने दोन्ही कंपन्या एकत्र करायला लावल्या. निप्पॉन युसेन काइशा ही नवी कंपनी झाली, दर्यावर तिला आम्ही एन.वाय.के. म्हणतो. तिच्या झेंड्यावर पांढऱ्यावर दोन तांबड्या रेघा आहेत त्या या दोन कंपन्यांच्या. मित्सुबिशीची सगळी जहाजं तिकडे गेली. ज्या धंद्यावर घर उभं होतं तोच धंदा हातातून गेला. उरले ते फक्त जोडधंदे.

पुढचं सगळं साम्राज्य त्या उरलेल्यातून आलंय. पुढचा भाग प्रतिसादातच लिहितो.

जाई_जुई

शिंगाड्यावरून सुरुवात कराल असं वाटलं नव्हतं! खूप छान लिहिताय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

एक शंका. मुलगी कॉलेजात युनिबॉलची पेनं वापरते, त्यावर मित्सुबिशी पेन्सिल असं लिहिलंय आणि तेच तीन हिरे आहेत. तोही जोडधंदाच का?

मचवा

जाईताई, नाही. त्या पेन्सिल कंपनीचा या घराण्याशी काही संबंध नाही. मासाकी निरोकू या गृहस्थांनी १८८७ मध्ये ती काढली. त्यांच्या घराण्याच्या मुद्रेवरून तीन चौकटींचं चिन्ह केलं आणि १९०३ मध्ये नोंदवलं, इवासाकींनी आपलं चिन्ह नोंदवण्याच्या जवळजवळ दहा वर्षं आधी. त्यामुळे हक्क त्यांचा पक्का आहे.

चाकण_शॉपफ्लोर

मचवा सर, वाचताना अंगावर काटा आला. आमच्या लाइनवर मित्सुबिशी इलेक्ट्रिकचा एफएक्स पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर आहे, रोज त्याची शिडी बघतो. लॅडर प्रोग्राम हो. इलेक्ट्रिक कंपनीचं मूळही जहाजात आहे का?

मचवा

हो, थेट जहाजात. कोबेला १९०५ मध्ये मित्सुबिशीची दुसरी गोदी झाली. जहाजावर वीज आली तशा मोटरी, जनरेटर लागायला लागले. त्या करायला गोदीत विजेचं खातं निघालं. १९२१ मध्ये ते खातं वेगळं काढलं, तीच मित्सुबिशी इलेक्ट्रिक. आणि लोकांच्या घरात ती पहिल्यांदा पोचली ती विजेच्या पंख्यामुळे. जहाजाची मोटर करणाऱ्या हातांना पंखा अवघड नव्हता.

आता नागासाकी. ही गोदी मुळात शोगुनच्या सरकारने १८५७ मध्ये डच लोकांच्या मदतीने सुरू केलेला ओतकामाचा कारखाना. मित्सुबिशीने १८८४ मध्ये भाड्याने घेतली, १८८७ मध्ये विकतच घेतली. यातारोचा धाकटा भाऊ यानोसुके तेव्हा कारभार बघत होता. अमेरिकेत शिकून आलेला, शांत डोक्याचा. भावाने मिळवलं, पण टिकवलं यानोसुकेने असं माझं मत आहे.

दुरुस्तीची गोदी जहाज बांधू शकते हे १८९८ मध्ये सिद्ध झालं. 'हिताची मारू', ६,१७२ टनांचं, नागासाकीत बांधलेलं पहिलं मोठं महासागरी जहाज. (हिताची हे जुन्या प्रांताचं नाव, 'मारू' हे जपानी व्यापारी जहाजांच्या नावाला शेवटी लावतात. हिताची कंपनी त्यानंतरची.) आणि ते बांधून घेतलं कोणी? एन.वाय.के.ने. म्हणजे ज्या कंपनीत आपली जहाजं गेली तीच गिऱ्हाईक म्हणून दारात आली.

आमचं जहाज एकदा नागासाकीत दुरुस्तीला होतं. एका दुपारी सुटी मिळाली तेव्हा ग्लोव्हर बागेत चढून गेलो. समोर सबंध खाडी दिसते आणि पलीकडच्या काठावर हातोड्यासारखी एक प्रचंड क्रेन. १९०९ मध्ये स्कॉटलंडहून आणलेली, विजेवर चालणारी, १५० टन उचलणारी. अणुबॉम्बनंतरही उभी राहिली आणि अजून कामावर आहे. जहाजाचं आयुष्य २५-३० वर्षांचं धरतात. शंभर वर्षांवर चाललेलं यंत्र बघून मी तिथल्या कठड्याशी बराच वेळ उभा होतो.

नागोयाकर

मी गेली अकरा वर्षं नागोयात आहे, म्हणून थोडी भर. यानोसुकेची मारुनोउचीची गोष्टही यायला हवी. १८९० मध्ये राजवाड्यासमोरची लष्कराची जागा सरकारने विकायला काढली. सगळीकडे गवत माजलेलं, कोणी घेईना. यानोसुकेने सुमारे १२ लाख ८० हजार येनला घेतली. लोकांनी विचारलं इथे करणार काय, तर म्हणाला, बांबू लावून वाघ पाळीन. १८९४ मध्ये जोसाया काँडर या इंग्रज वास्तुकाराकडून तिथे पहिली लाल विटांची इमारत बांधून घेतली. १९१४ मध्ये शेजारी तोक्यो स्टेशन आलं. आज ती जपानमधली सर्वांत महागड्या जागांपैकी एक आहे. मूळ इमारत १९६८ मध्ये पाडली होती, ती २००९ मध्ये जशीच्या तशी पुन्हा बांधली, आत कलासंग्रहालय आहे. तोक्योला आलात तर जरूर बघा.

कापूसकोंड्या

मचवादादा, धागा आवडला. यात मुंबई कुठे येते का? आमचे आजोबा कॉटन ग्रीनला होते. शिवडीच्या वखारींत कापसाच्या गाठींवर स्टेन्सिलने बंदराचं नाव रंगवायचं काम. 'कोबे' हा शब्द मी शाळेत जायच्या आधी त्यांच्याकडून ऐकलेला. काळा रंग, ब्रश आणि पत्र्यात कापलेली अक्षरं. त्यांच्या नखांतला तो रंग कधी पुरता गेला नाही.

मचवा

कापूसकोंड्या, तुमच्या आजोबांच्या स्टेन्सिलचा धागा थेट या गोष्टीत येऊन मिळतो. मला हे लिहायचंच होतं.

१८९० च्या सुमाराला ओसाकाच्या गिरण्या मुंबईहून कापूस नेत होत्या. मुंबईच्या बाजारात (तेव्हा कॉटन ग्रीन कुलाब्याला होतं) वऱ्हाड-खानदेशापासूनचा माल यायचा. तो जपानला नेण्याचा मक्ता मात्र पी अँड ओ, ऑस्ट्रियन लॉइड आणि इटालियन रुबातिनो या तीन कंपन्यांकडे. भाडं टनाला १७ रुपये. मुंबईच्या गिरण्यांचं सूत चीन-जपानकडे जायचं, त्यावरही हाच भार.

जमशेटजी टाटा १८९३ मध्ये स्वतः जपानला गेले. टाटांची पेढी कोबेला आधीच होती. एन.वाय.के. आणि टाटा यांनी मिळून मुंबई-कोबे मार्ग काढायचं ठरवलं. ७ नोव्हेंबर १८९३ ला एन.वाय.के.ची 'हिरोशिमा मारू' कोबेहून मुंबईला निघाली. जपानची ही पहिली दूरच्या पल्ल्याची नियमित जहाजसेवा. युरोप नाही, अमेरिका नाही, पहिलं दूरचं बंदर मुंबई! टाटांनीही 'ॲनी बॅरो' आणि 'लिंडिसफार्न' ही जहाजं भाड्याने घेऊन या मार्गावर घातली.

पी अँड ओने भाडं १७ रुपयांवरून थेट दीड रुपयावर आणलं. दीड रुपयात कोळशाचाही खर्च निघत नाही. टाटांनी सरकारदरबारी तक्रार केली, दाद लागली नाही. स्वस्त भाडं बघून इथले व्यापारी पांगले आणि टाटांना जहाजं काढून घ्यावी लागली.

एन.वाय.के. मात्र टिकली. कारण जपानी सूतगिरण्यांच्या संघाने करार केला होता की आमचा माल तुमच्याच जहाजातून येईल. समोर दीड रुपयाचं भाडं दिसत असताना त्या गिरण्यांनी जास्त पैसे मोजले आणि शब्द पाळला. शिवाय जपानचं सरकार आपल्या कंपनीच्या मागे उभं होतं, इथलं सरकार पी अँड ओच्या. एकाच मार्गावर, एकाच वर्षी, एकाच शत्रूशी दोघं लढले. एक हरला आणि एक जिंकला. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, अजून वाटतं. जमशेटजींचा अंदाज कुठेही चुकला नव्हता.

स्पष्ट_बोलतो

लेखन उत्तम आहे, पण काही गोष्टी ठामपणे सांगायला हव्यात. ३० जहाजं फुकट, वर्षाला अडीच लाख, गोदी सरकारची, मारुनोउचीची जमीन सरकारची. याला मी उद्यमशीलतेपेक्षा राजाश्रय म्हणेन. आणि खाणीत मरणाऱ्या माणसांचं काय? ताकाशिमाच्या खाणीतल्या मजुरांचे हाल १८८८ मध्ये जपानी मासिकानेच छापून आणले होते आणि देशभर गदारोळ झाला होता. दुसऱ्या महायुद्धात कोरियन आणि चिनी माणसं जबरदस्तीने आणून त्याच खाणींत उतरवली. हे न लिहिता क्रेनचं कौतुक मला पचत नाही.

मचवा

तुमचं म्हणणं रास्त आहे. मी ते टाळत नव्हतो, क्रमाने येणार होतो, पण आधी यायला हवं होतं हे मान्य.

राजाश्रयाबद्दल एवढंच म्हणेन की तो होता आणि भरपूर होता. पण जहाजं देणाऱ्या सरकारनेच १८८५ मध्ये ती काढूनही घेतली. अनुदान इतरांनाही मिळालं, ते सगळे मित्सुबिशी झाले नाहीत.

खाणींबद्दल. ताकाशिमाशेजारी हाशिमा नावाचं बेट आहे, सरळ उंच तटामुळे युद्धनौकेसारखं दिसतं. १८९० मध्ये मित्सुबिशीने ते एक लाख येनला घेतलं. समुद्राच्या तळाखाली खणत गेले. कामगारांना राहायला काँक्रीटच्या चाळी बांधल्या. १९५९ मध्ये त्या एवढ्याशा खडकावर ५,२५९ माणसं राहत होती. १९७४ मध्ये खाण बंद पडली आणि बेट सुमारे तीन महिन्यांत रिकामं झालं. बोटीतून मी ते लांबून पाहिलंय. खिडक्यांची नुसती भोकं. २०१५ मध्ये नागासाकीच्या क्रेनसोबत त्यालाही जागतिक वारसा म्हटलं गेलं. त्या वेळी कोरियाने हरकत घेतली होती ती तुम्ही म्हणता त्याच कारणासाठी.

२०१५ मध्ये मित्सुबिशी मटेरियल्सने, म्हणजे जुन्या खाणकंपनीच्या वारसदाराने, अमेरिकी युद्धकैद्यांची समोर बसून माफी मागितली. पुढच्या वर्षी चिनी मजुरांशी समझोता केला, प्रत्येकी एक लाख युआन. कोरियन मजुरांचं तसं झालेलं नाही. २०१८ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मित्सुबिशी हेवीला भरपाई द्यायला सांगितलं, पण जपानचं म्हणणं पडलं की १९६५ च्या करारात हे सगळं मिटलंय. खाणीत उतरलेली बहुतेक माणसं आता हयात नाहीत. माझ्या मते ही माफी फार उशिरा आली आणि काहींपर्यंत पोचलीच नाही.

नागोयाकर

युद्धाचा विषय निघालाय तर इथलं सांगतो. झिरो विमान नागोयातल्या मित्सुबिशीच्या कारखान्यात तयार झालं, मुख्य अभियंता होरिकोशी जिरो. पण कारखान्याला लागून धावपट्टी नव्हती. म्हणून विमानाचे भाग सुटे करून ४० किलोमीटरवरच्या कागामिगाहाराच्या मैदानावर न्यायचे. कशातून? बैलगाडीतून. रस्ते इतके खराब की ट्रकने नेलं तर हादऱ्यांनी नुकसान व्हायचं. १९३९ मधलं जगातलं एक उत्तम लढाऊ विमान रात्रभर बैलांच्या चालीने जायचं. इथल्या म्हाताऱ्या माणसांना ही गोष्ट सांगताना मी ऐकलंय, ती अभिमानाने सांगत नाहीत, हळू आवाजात सांगतात.

मचवा

नागोयाकर, हे वाचून थबकलो. नागासाकीतही असंच काहीसं. 'मुसाशी' ही यामातोच्या जोडीची महायुद्धनौका तिथे बांधली. डोंगरउतारावरच्या गावाला दिसू नये म्हणून भोवती ताडासारख्या झाडाच्या काथ्याचे प्रचंड पडदे लावले होते. १९४० मध्ये पाण्यात सोडली, १९४४ मध्ये बुडाली.

आणि ९ ऑगस्ट १९४५, सकाळी ११ वाजून २ मिनिटं. बॉम्ब उराकामी खोऱ्यावर फुटला. दक्षिणेला मित्सुबिशीचा पोलाद आणि शस्त्रांचा कारखाना, उत्तरेला मित्सुबिशीचाच टॉर्पेडोंचा कारखाना, मधल्या वस्तीत शाळा, चर्च, घरं. त्या कारखान्यांत तेव्हा शाळेतली मुलंमुलीही कामाला होती.

युद्ध संपल्यावर अमेरिकनांनी सगळी मोठी घराणी मोडायचं ठरवलं. मित्सुबिशीचे चौथे प्रमुख कोयाता आपणहून विसर्जन करायला तयार नव्हते. आम्ही देशाचं कर्तव्य केलं, असं त्यांचं म्हणणं. आजारी होते, डिसेंबर १९४५ मध्ये गेले. १९४६ मध्ये मुख्य कंपनी विसर्जित झाली. व्यापारी कंपनीचे तर शंभराहून जास्त तुकडे केले. हेवी इंडस्ट्रीजचे १९५० मध्ये तीन. नाव आणि चिन्ह वापरायला बंदी येणार होती. बँकेने तर आपणहून नाव बदलून चियोदा बँक केलं.

इथे पुन्हा तेच १८८५ चं. घराणं गेलं, मुख्य पेढी गेली. उरलं काय, तर गोद्या, यंत्रं आणि काम येणारी माणसं. विमानं करायला बंदी, म्हणून विमानांच्या कारखान्यात १९४६ पासून 'सिल्व्हर पिजन' नावाची स्कूटर निघाली. उरलेल्या साहित्यातून भांडीकुंडीही केली म्हणतात. पुढे त्या स्कूटर आणि तीनचाकी करणाऱ्या खात्यांतूनच १९७० मध्ये मित्सुबिशी मोटर्स वेगळी झाली. व्यापारी कंपनीचे तुकडे १९५४ मध्ये जुळले, हेवीचे १९६४ मध्ये.

जाई_जुई

म्हणजे आता सगळं पुन्हा एकच झालं का? आपल्याकडे टाटा सन्स आहे तसं?

मचवा

नाही, आणि इथेच टाटांपेक्षा वेगळेपण आहे. टाटांकडे वर टाटा सन्स आहे, तिच्याकडे इतर कंपन्यांचे मोठे भाग आहेत. मित्सुबिशीत १९४६ नंतर वर कोणीच नाही. मुख्य कचेरीच नाही. थोडेथोडे भाग एकमेकींकडे असतात आणि 'किन्योकाई' म्हणजे शुक्रवार मंडळ आहे. प्रमुख कंपन्यांचे वरिष्ठ महिन्यातून एका शुक्रवारी एकत्र जेवतात. एन.वाय.के.ही त्यात आहे. १८८५ मध्ये गेलेली जहाजं अशी घरच्या पंगतीला परत आली. एकाच घरातून वाटण्या होऊन वेगळ्या चुली झालेल्या भावकीसारखं धरा. देव एक, सणाला एकत्र, हिशेब आपापला.

म्हणून सेकंड साहेबांचा "कुठली मित्सुबिशी?" हा प्रश्न बरोबर होता.

चाकण_शॉपफ्लोर

सर, अलीकडचं पण लिहा ना. कार का मागे पडली? आमच्या काकांची लान्सर होती, अजून तिचं नाव काढतात.

मचवा

अलीकडचं थोडक्यात, कारण त्यात माझा जीव तेवढा नाही. मोटर्सने ग्राहकांच्या तक्रारी वर्षानुवर्षं दडवल्या होत्या, ते २००० मध्ये उघड झालं. २०१६ मध्ये इंधनाच्या आकड्यांतली लबाडी निघाली आणि निसानने ३४ टक्के भाग घेतले. मित्सुबिशी इस्टेटने १९८९ मध्ये न्यू यॉर्कच्या रॉकफेलर सेंटरचे ५१ टक्के घेतले आणि १९९५ मध्ये तो व्यवहार दिवाळखोरीत गेला. हेवीने २००८ मध्ये जपानचं स्वतःचं प्रवासी जेट करायला घेतलं, २०१५ मध्ये ते उडालं, पण प्रमाणपत्राच्या चक्रात अडकत गेलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रकल्पच गुंडाळला. याचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. जहाज, टर्बाइन, रॉकेट जमलेल्या लोकांना ते जमायला हवं होतं.

चांगल्या बाजूला व्यापारी कंपनी. तिने १९६९ मध्ये अलास्काहून जपानला द्रवरूप नैसर्गिक वायू आणायची व्यवस्था लावली. जपानमध्ये तसा वायू तेव्हा पहिल्यांदा आला, उणे १६२ अंशांवर, जहाजाच्या टाक्यांतून. मीही उतारवयात गॅस कॅरियरवर दोन काँट्रॅक्ट केली. टाकीची वाफ बॉयलरला जाळून टर्बाइन फिरवायचो. टर्बाइनच्या आवरणावर तेच तीन शिंगाडे.

स्पष्ट_बोलतो

मचवा, उत्तर नीट दिलंत, आभार. माफी फार उशिरा आली हे तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं. एक विचारायचं होतं. मुंबई-कोबे मार्गावर त्या पहिल्या जहाजातून इथून जाताना नक्की काय गेलं असेल?

मचवा

कापूस. तो मार्ग निघाला तोच कापसासाठी. परत येताना कोळसा, आगपेट्या, असला जपानी माल यायचा. जपानी आगपेट्या तर आपल्याकडे पुढे घराघरात होत्या.

कापूसकोंड्या

दादा, काल आईला हा धागा वाचून दाखवला. ती माळ्यावरून पत्र्याचा डबा काढून घेऊन आली. आत आजोबांचे तीन स्टेन्सिल आहेत. एकावर बंदराचं नाव, एकावर गाठीचा नंबर घालायचे आकडे. तिसऱ्यावर काय आहे ते गंजामुळे कळत नव्हतं. कागद ठेवून खडू घासला. जहाजाचं नाव आहे. पुढची अक्षरं गेलीत, शेवटचं 'मारू' तेवढं स्वच्छ उमटलं.